उचल नको, पगार द्या

वाचक भगिनीचं पत्र, थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत):

कोल्हापूरलगतच्या एका गावात या ताईंचं शिवणकामाचं युनिट आहे. कामावर बारा बायका, काम शाळांच्या गणवेशांचं आणि परकरांचं. देहव्यापारातून सुटलेल्या स्त्रियांसाठी काम करणाऱ्या एका ख्रिस्ती संस्थेच्या सिस्टर त्यांना भेटून गेल्या. संस्थेत शिवण शिकलेल्या दोघींना कामावर घ्याल का, असं त्यांनी विचारलं. ताईंची इच्छा आहे. पण यजमान म्हणतात, "नसती बिलामत कशाला? उद्या दारात पोलीस नाहीतर गुंड आले म्हणजे?" दिरांचं म्हणणं, मिशनरी लोक धर्म बदलायला लावतात, त्यात आपलं नाव नको. कामावरच्या बायकांना कळलं तर त्या सोडून जातील, ही धास्ती आहेच. ताईंचे स्वतःचेही प्रश्न आहेत: "दोघींची आधीची सगळी हकिगत मला माहीत असायला नको का? काही आजार असला तर? पगार संस्थेच्या खात्यात भरला तरी चालेल असं सिस्टर म्हणाल्या, तसं करू का? आणि दोघी टिकाव्यात म्हणून सुरुवातीलाच दहा-पंधरा हजार उचल द्यावी असं मनात आहे, म्हणजे त्यांना बांधिलकी राहील." महिनाअखेरपर्यंत त्यांना उत्तर कळवायचं आहे.

ताई,

पोलीस, गुंड, धर्म, आजार या तुमच्या सगळ्या शंकांकडे येतेच. पण पत्रात मला सगळ्यात जास्त काळजी वाटली ती शेवटच्या वाक्याची, आणि ते तर तुम्ही अगदी चांगल्या मनानं लिहिलंय. ती उचल देऊ नका.

का, ते सांगते. मुलीला या धंद्यात अडकवून ठेवायला दरवेळी कुलूप लागतंच असं नाही. बहुतेक वेळा हिशेबाची वही पुरते. दलालाला दिलेले पैसे तिच्या नावावर मांडले जातात. मग त्यात कपडे, जेवण, डॉक्टर, पोलिसांना दिलेलं, असं सगळं चढत जातं. कमाई घरवालीकडे, म्हणजे कुंटणखाना चालवणाऱ्या बाईकडे, "जमा" असते. आधार कार्ड "सांभाळून ठेवलेलं" असतं. फोन मागितला की "कुणाला करायचाय?" आणि वर "तू आता घरातलीच" हे असतंच. त्या वहीतलं कर्ज कधी फिटत नाही.

आता आपल्याकडच्या लहान कारखान्यांच्या सवयी बघा. कामाला लागताना उचल. पहिला एक हप्ता मागे ठेवायचा, म्हणजे बाई न सांगता जाणार नाही. आधारचं मूळ कार्ड ड्रॉवरमध्ये. खाडा झाला की दोन दिवसांचे पैसे कापायचे. वाईट हेतू कुणाचाच नसतो, वर्षानुवर्षं चालत आलेलं असतं. पण जी बाई त्या वहीतून सुटून आलीय, तिला यातली एकेक खूण ओळखू येते. मग ती एकतर गप्प राहून राब राब राबते, नाहीतर पहिला पगार हातात पडला की दुसऱ्या दिवशी येत नाही. आणि आपण म्हणतो, एवढं करून शेवटी पळालीच. आपल्या घटनेच्या २३ व्या कलमात माणसांचा व्यापार आणि वेठबिगार या दोन्हींना एकत्रच मनाई आहे. उचल फिटेपर्यंत काम सोडता येणार नाही, अशी अट घातली तर ती १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याच्या कक्षेत जाऊ शकते, हेही यजमानांच्या कानावर घाला.

तेव्हा, बांधिलकी नको. तिला आज दुपारी काम सोडून जाता आलं पाहिजे, आणि तरी ती उद्या सकाळी आली पाहिजे. तुमच्याकडचं काम असं असावं की हे घडेल.

त्यासाठी पगार ठरल्या दिवशी, पूर्ण, तिच्या हातात किंवा तिच्या खात्यात. पहिले तीन महिने नगावर नको, रोजावर ठेवा. नवशिकीला पीसवर ठेवलं तर दिवसाकाठी एवढी थोडी कमाई दिसते की तिला पुन्हा कुणाकडे तरी हात पसरावा लागतो. हात बसला की नगाचा दर तिला समजावून द्या आणि कुठल्या पद्धतीनं घ्यायचं ते तिलाच ठरवू द्या. दोन्हींतही किमान वेतनाच्या खाली जाता येत नाही. चालू दर सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात मिळतो. आजारपण, मुलाची फी अशी अडचण आली आणि पैसे द्यावेसे वाटले तर जरूर द्या, पण रक्कम लहान असावी, कागदावर असावी, एक प्रत तिच्याकडे असावी, आणि "सोडून गेलीस तर आधी हे फेड" असं तोंडीसुद्धा म्हणू नका.

पगार संस्थेच्या खात्यात भरू नका. सिस्टरांचा हेतू बचतीचा असेल, पण बाईचे पैसे बाईच्या नावावरच जायला हवेत. बचत करायची तर तिनं स्वतः करावी. खातं नसेल तर शून्य शिलकीचं जनधन खातं निघतं. अडचण बहुधा आधारची असते. कार्ड हरवलेलं असतं, दुसऱ्या राज्यातलं असतं किंवा त्यावर त्याच माणसाचा फोन नंबर असतो ज्याच्यापासून ती सुटलीय. मान्यताप्राप्त निवारागृहाच्या प्रमुखांचं ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र पत्त्याचा पुरावा म्हणून आधार केंद्रावर चालतं. ते संस्थेनं द्यायचं आहे, आणि मोबाइल नंबर आधी बदलून घ्यायचा आहे. खातं निघेपर्यंत रोख द्या. तिच्यासमोर मोजा, दिवस आणि रोज लिहिलेल्या चिठ्ठीवर तिची सही घ्या, एक चिठ्ठी तिला द्या. मूळ आधार झेरॉक्स काढून तिथल्या तिथे परत करा.

काही संस्था पहिले काही महिने पगाराचा थोडा भाग स्वतः देऊ करतात. घ्यायला हरकत नाही. पण ते पैसे तुमच्या पगारपत्रकातूनच जावेत, किती महिने ते लेखी असावं, आणि तिला माहीत असावं.

आता तुमचा प्रश्न, सगळी हकिगत कळायला नको का? मला वाटतं, नको. कामावरच्या बारा जणींच्या संसाराची हकिगत तुम्ही काम देताना विचारली होती का? मशीन चालवता येते का, कधीपासून येणार, घर किती लांब, एवढंच विचारलं असेल. इथेही तेवढंच. सुटका झालेल्या बाईला तिची गोष्ट पोलिसांना, डॉक्टरला, कोर्टाला, समुपदेशकाला, संस्थेला, कधी कधी देणगीदारांनाही सांगावी लागलेली असते. तुमचं शेड ही अशी जागा असू दे जिथे ती सांगावी लागत नाही. "ती स्वतःहून गेली असेल का" हा प्रश्नही मनातून काढून टाका. भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ मध्ये स्पष्ट लिहिलंय की मानवी तस्करीचा गुन्हा ठरवताना पीडितेच्या संमतीला अर्थ नाही.

तुम्हाला माहीत असायलाच हव्यात अशा गोष्टी वेगळ्या आहेत, आणि त्या संस्थेकडून खणखणीतपणे विचारून घ्या. दोघी अठरा वर्षांवरच्या आहेत ना, आणि वयाचा पुरावा काय? अठराखालची असेल तर तिचा निर्णय बालकल्याण समितीकडे असतो, तुम्ही आणि सिस्टर मिळून तो घेऊ शकत नाही. ती संस्थेत मॅजिस्ट्रेटच्या आदेशानं राहते की स्वतःच्या इच्छेनं? पीटा, म्हणजे अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याखाली मॅजिस्ट्रेट चौकशी करून सुटका झालेल्या स्त्रीला एक ते तीन वर्षं संरक्षणगृहात ठेवण्याचा आदेश देऊ शकतो. तसा आदेश असेल तर कामासाठी बाहेर पडायची परवानगी लेखी पाहिजे. सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तीन सज्ञान तरुणींना सोडायचा आदेश देताना सांगितलंय की प्रौढ स्त्रीला तिच्या मर्जीविरुद्ध असं अडकवून ठेवता येत नाही. म्हणजे "आमच्या ताब्यात आहे" अशी भाषा कानावर आली तर कुठल्या आदेशानं, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. कोर्टात केस चालू आहे का, तारखा कुठे लागतात? पुण्या-मुंबईला किंवा परराज्यात साक्षीला जायचं असेल तर दोन ते पाच दिवस जातात, आणि परत आल्यावर आठवडाभर ती ठिकाणावर नसते. त्या दिवसांची रजा आधीच ठरवून ठेवा. समन्स संस्थेच्या पत्त्यावर जावं, तुमच्या युनिटवर नाही, एवढं ठरवून घेतलंत की यजमानांची "दारात पोलीस" ही भीती बरीचशी संपते. आणि रात्री-अपरात्री फोन उचलणारी सामाजिक कार्यकर्ती कोण, तिचं नाव आणि नंबर घ्या.

आजाराबद्दल. तुमच्या मनात एचआयव्ही असावा. कामावर घेताना त्याची तपासणी मागणं, त्यावरून काम नाकारणं आणि कुणाचा अहवाल दुसऱ्याला सांगणं, तिन्हीला २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानं मनाई आहे. एका डब्यात जेवल्यानं, एक संडास वापरल्यानं, एका मशीनवर बसल्यानं तो होत नाही. शिवताना सुई बोटात जाणं हे तर तुमच्याकडे रोजचंच. त्यासाठी सगळ्यांना एकच नियम लावा: जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवायची, पट्टी लावायची, सुई बदलायची, कापडावरचा डाग लगेच धुवायचा. प्रथमोपचाराची पेटी भिंतीवर टांगलेली असावी. आणि ताई, बारा जणी आहेत म्हणजे ईएसआयसी (कर्मचारी राज्य विमा) तुम्हाला लागू होतं. नोंदणी झाली नसेल तर हेच निमित्त धरून सगळ्यांची करा, दोघींचे दवाखान्याचे प्रश्नही त्यातच मिटतील. दहावर कामगार असल्यामुळे लैंगिक छळाविरोधी अंतर्गत समितीही असायला हवी. कटिंग मास्तर पुरुष असेल तर त्यांना आधी समोर बसवून नियम सांगा: मागून येऊन खांद्यावरून कापड दाखवायचं नाही, हात लावायचा नाही, आवाज चढवायचा नाही.

दिरांच्या शंकेला उडवून लावू नका. ती फार जुनी शंका आहे. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये विधवांसाठी शारदा सदन काढलं, आणि १८९३ मध्ये नेमक्या याच प्रश्नावरून रानडे-भांडारकरांसारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले. त्याच रमाबाईंनी पुढे केडगावला, ज्यांना कोणीच दारात उभं करत नव्हतं अशा बायकांसाठी कृपासदन उभं केलं, हेही तितकंच खरं. आपल्या कोल्हापुरात तर मिशनचे दवाखाने आणि शाळा पिढ्यान्‌पिढ्या आहेत. रात्री दोन वाजता उठून किंचाळणाऱ्या मुलीजवळ बसणं, तिच्याबरोबर तारखेला जाणं, वर्ष-दोन वर्षं चिकाटीनं मागे राहणं, हे काम श्रद्धेतून करणारी माणसं आहेत, आणि ते सोपं नाही.

पण श्रद्धेतून केलेल्या कामालाही प्रश्न विचारता येतात. विचारायचं ते हे की मदत प्रार्थनेवर अवलंबून आहे का. जेवण, झोपायची जागा, शिक्षण, कामाची शिफारस, यातलं काही सकाळच्या प्रार्थनेला न बसणारीला कमी मिळतं का? नवरात्रात तिला अंबाबाईला जायचं असेल तर जाता येतं का? मुसलमान मुलगी असेल तर रोजा ठेवता येतो का? हे सिस्टरांना मोकळेपणानं विचारा. चांगल्या संस्थेला राग येत नाही, त्यांच्याकडे लेखी धोरण असतं. मग एकदा त्या दोघींनाही विचारा, पण संस्थेचं कुणी शेजारी नसताना, आणि एवढंच: "तुला इथे राहायचंय का? तुझं तू ठरवतेस ना?" आणखी एक बघा. देणगीदारांपुढे या मुलींना उभं करून त्यांच्याकडून साक्ष वदवून घेतात का, पत्रकांत चेहरे छापतात का? हे कुठल्याही धर्माच्या संस्थेला शोभत नाही. तसं दिसलं तर स्पष्ट सांगा, आमच्या युनिटचं नाव आणि फोटो कुठेही वापरायचे नाहीत.

कागदपत्रं बघायला लाजू नका. धर्मादाय आयुक्तांकडची न्यासनोंदणी, निवासगृह चालवत असतील तर त्याचा परवाना किंवा महिला व बालविकास विभागाची मान्यता, परदेशी देणगी घेत असतील तर एफसीआरए नोंदणी. कोल्हापूरच्या जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात एक फेरी मारली तर संस्थेविषयी विचारता येतं. एवढं केलंत की दिरांना दाखवायला तुमच्या हातात काहीतरी असेल. तुम्ही मात्र तुमच्या बाजूनं एक पाळा. कामावर दोघी कुठल्या देवाला मानतात यावर अवाक्षर नको, रविवारी चर्चला गेल्या तर नको, नाही गेल्या तरी नको.

आता प्रत्यक्ष पहिले दिवस. दोघींना एकदम घेऊ नका. एक आधी, दुसरी महिना-दीड महिन्यानं. एकाच संस्थेतल्या दोघी शेजारी बसल्या की तिथली भांडणं इथे येतात आणि एक गेली की दुसरीही जाते. त्याआधी दोघींना खरंच शिवायचंय का, हेही विचारा. शिवणकाम हे आपल्याकडे पुनर्वसनाचं ठरलेलं उत्तर होऊन बसलंय. कुणाला पॅकिंग आवडेल, कुणाला हिशेब जमेल.

मशीन अशी द्या की पाठ भिंतीला आणि तोंड दाराकडे असेल. मागून कुणी आलेलं कळत नाही अशा जागी ती दिवसभर दचकत राहील आणि दोरा तुटत राहील. शेडचं दार कामाच्या वेळात आतून-बाहेरून कुलूपबंद नको, संडासाची कडी नीट लागली पाहिजे. आधी परकराच्या सरळ शिवणी, मग नाडीची पट्टी, ओव्हरलॉक नंतर, कॉलर सगळ्यात शेवटी. मे-जूनच्या गणवेशाच्या गर्दीत कामाला लावू नका. त्या धावपळीत रात्री उशिरापर्यंत थांबवणं होतं आणि सगळ्यांचेच आवाज चढतात. काम करता करता ती एकदम थिजून बसली, बोलावलेलं ऐकू येईना, तर हलवायचं नाही. समोरून, नावानं, हळू हाक मारायची, पाणी द्यायचं, दारापाशी जाऊन बस म्हणायचं. पाच-दहा मिनिटं जातात. त्या वेळेचे पैसे कापू नका आणि संध्याकाळी त्यावर चर्चाही नको.

फॉर्म भरताना "पतीचे/वडिलांचे नाव" या रकान्यापाशी पेन थांबेल. सगळ्यांसमोर भरून घेऊ नका. दार लोटून, दोघीच बसून, आधारवर जे आहे तेच लिहा. नॉमिनीच्या जागी कोण, हे तिला लगेच सुचणार नाही. "दोन दिवसांनी सांग" म्हणा आणि पुढे जा.

बारा जणी तर विचारणारच. कुठली गं तू, नवरा काय करतो, लेकरं किती. यात दुष्टावा नसतो, आपल्याकडे ओळख अशीच होते. म्हणून पहिल्या दिवसाआधी तिच्याशी बसून एक वाक्य ठरवा, खोटं नसलेलं आणि पुढचा प्रश्न थांबवणारं. "मी बाहेरगावची, शिवण शिकले, आता इथेच राहते." ते तिचं वाक्य, तिनं निवडलेलं. तुम्हाला कुणी विचारलं तर, "मी कुणाचंच कुणाला सांगत नाही, तुझंही नाही." हे वाक्य बाकीच्या बायकांनाही आवडेल, त्यांच्याकडेही झाकून ठेवण्यासारखं काही ना काही असतंच. देखरेख करणाऱ्या बाईला सांगणं गरजेचं वाटलं तर नव्या मुलीची परवानगी घेऊन, फक्त त्या एकीला. पुढेमागे बाहेर कळलं आणि कुणी काम सोडायची धमकी दिली, तर समजूत एकदा घाला, दोनदा नको. जाणाऱ्या बाईचा हिशेब चुकता करा.

फोटोंचं जपा. दसऱ्याला मशीनची पूजा झाली की ग्रुप फोटो काढून स्टेटसला टाकायची आपल्याला सवय आहे. तो फोटो नको तिथे पोचायला दोन फॉरवर्ड पुरतात. बलात्काराच्या गुन्ह्यातल्या पीडितेची ओळख उघड करणं हा न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आहे. कामाच्या जागेचे फोटो टाकायचे नाहीत हा नियम सगळ्यांनाच लावा, म्हणजे तिच्याकडे बोट जात नाही.

आणि गुंड. दारात कुणी येऊन "माझी बहीण इथे कामाला आहे का" विचारलं, तर उत्तर प्रत्येक कामगारासाठी एकच: "इथे कुणाचीच माहिती देत नाही." आहे म्हणायचं नाही, नाही म्हणायचं नाही. गाडीचा नंबर आणि वेळ लिहून ठेवायची. मग तिला एकटीला बाजूला घेऊन सांगायचं, कार्यकर्तीला फोन करायचा, माणूस दमदाटी करू लागला तर ११२. खरोखरचा भाऊही असू शकतो, पण भेटायचं की नाही हे ती ठरवेल, आणि भेट संस्थेत होईल, तुमच्या दारात नाही. तिला स्वतःला वकील हवा असेल तर कसबा बावड्याच्या न्यायसंकुलातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो, त्यात उत्पन्नाची अट स्त्रियांना नाही. १५१०० हा त्यांचा नंबर तिच्या फोनमध्ये असू द्या.

एखाद्या सकाळी ती आलीच नाही, तर त्याच दिवशी दहाच्या आत कार्यकर्तीला कळवा. "बघू, उद्या येईल" असं म्हणत आठवडा घालवू नका, पहिले दोन दिवस फार महत्त्वाचे असतात. ती स्वतःच काम सोडून गेली असेल तर शेवटच्या दिवसापर्यंतचा पगार तिच्या खात्यात भरा. परत आली तर कुठे होतीस विचारण्याआधी मशीन रिकामी आहे का ते सांगा.

सिस्टरांना महिनाअखेरीला थेट हो किंवा नाही कळवायची गरज नाही. वर लिहिलेले प्रश्न एका कागदावर मांडून त्यांच्याकडे पाठवा, सोबत तुमच्या अटी लिहा: पगार तिच्याच खात्यात, उचल नाही, फोटो नाही, समन्स संस्थेच्या पत्त्यावर. उत्तरं लेखी मागा. ती आली आणि पटली, की पहिलीला एक दिवस नुसतं बघायला बोलवा. मशीन बघू दे, जागा बघू दे, तुमच्याकडच्या बायकांबरोबर चहा घेऊ दे. कामावर यायचं की नाही, हे तिनं दुसऱ्या दिवशी सांगावं.